सुई कोणी लावायची?

ग्रामोफोनच्या सुया पत्र्याच्या चपट्या डबीत मिळत, एका डबीत २००. एका सुईवर तबकडीची एकच बाजू वाजवायची, असा नियम होता. बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. म्हणजे दहा-अकरा तासांचं गाणं ऐकायचं तर घरातल्या कुणीतरी २०० वेळा साउंडबॉक्सचा स्क्रू सैल करायचा, जुनी सुई काढायची, नवी खोचायची आणि स्क्रू पुन्हा आवळायचा. आमच्या घरी हे काम आत्याकडे होतं. चावी द्यायला पोरं चालत, सुईला मात्र पोरांचा हात लागू द्यायचा नाही. आत्या काटकसरी. नियमाला न जुमानता ती सुई जागच्या जागी जराशी फिरवी आणि तिच्यावरच दुसरीही बाजू काढी. तबकडीचं त्यानं काय होत असे ते मला पुढे भिंगाखाली बघायला मिळालं, पण आत्याला ते ऐकवण्याची कुणाची छाती नव्हती.

त्या काळी ‘सुई लावायला माणूस बोलवा’ असं कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. आता मला फोन येतात. मी मिरजेच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. निवृत्तीनंतर लोकांची जुनी-नवी टर्नटेबलं लावून देतो. ‘‘सर, टर्नटेबल घेतलंय. स्वतःच लावू, का तुम्ही येता?’’ विचारणारा बहुधा तिशीतला असतो, पगार चांगला असतो आणि आवाजात धास्ती असते. संगणक उघडून बसणारी ही मुलं दोन स्क्रूंना का घाबरतात, याचा माग काढत मागे गेलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. टर्नटेबल लावून देणारा तज्ज्ञ हा प्राणीच मुळात फार जुना नाही. ग्रामोफोन निघाल्यावर पहिली पाऊणशे वर्षं त्याच्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं.

अडलं नाही, कारण सुई जुळवण्याचं अर्धं काम तबकडीच करत असे. लाखेच्या तबकडीत लाख कमी आणि दगडाची पूड जास्त. लाख आपल्याकडची. छोटा नागपूरच्या जंगलांतून गोळा झालेली लाख जगभरच्या तबकड्यांच्या कारखान्यांत जाई. पूड मिसळायची ती अशासाठी की शंभर-सव्वाशे ग्रॅमचा साउंडबॉक्स पेलायला तबकडी कणखर हवी, आणि पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच घासली जाऊन खोबणीच्या मापाची व्हायला हवी. सुई कशीही लावा, घासून घासून ती आपली जागा करून घेई. बाजू संपेस्तोवर तिच्या टोकाची छिन्नी झालेली असे, म्हणून ती टाकून द्यायची.

कारागीर लागे तो पेटीच्या आतल्या कामाला. एमिल बर्लिनरचा सुरुवातीचा ग्रामोफोन हाताने फिरवावा लागे. १८९६ च्या सुमारास कॅमडनच्या एल्ड्रिज जॉन्सनने त्याला स्प्रिंगची मोटर बसवली आणि तिथून पुढे स्प्रिंग तुटणं, ग्रीस वाळून दगड होणं, वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या पातळ पट्ट्या तडकणं हे सगळं जगभर सुरू झालं. आमच्यासारख्या गावात ही दुरुस्ती घड्याळजी करी, नाहीतर शिलाई मशीनवाला. तुटलेली स्प्रिंग डब्यातून बाहेर काढताना ती सुटून हात फाडते, त्यामुळे शहाणा माणूस तिच्या वाटेला जात नसे. थोडक्यात, सुई घरची आणि स्प्रिंग बाजारची. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती, पण ती पक्की होती.

वेग मात्र घरचाच. तबकडीखाली कागदाचा कपटा अर्धा बाहेर राहील असा सरकवायचा, सुई टेकवून गाणं सुरू करायचं आणि घड्याळ समोर धरून कपट्याच्या फेऱ्या मोजायच्या. मिनिटाला ७८ भरल्या की वेगाचा काटा तिथेच ठेवायचा. सुई टेकवून मोजायचं, कारण तिच्या ओझ्यानं वेग थोडा पडतो. यात चार फेऱ्या कमी पडल्या तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं उतरतो. काळी एकचं गाणं पांढरी एकच्या आसपास येऊन बसतं आणि गवयाचा आवाज जड होतो. त्यातून सुरुवातीच्या कित्येक तबकड्या नेमक्या ७८ वर कापलेल्याही नाहीत, कुठे ७४ तर कुठे ८०. त्यामुळे फेऱ्या मोजून भागत नसे, कानही लागे. आमच्या आळीत एक पेटीवाले होते. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लागली की ते पेटी घेऊन शेजारी बसत आणि काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करायला लावत. खाँसाहेब मिरजेचे, १९३७ साली गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं ते अजून. त्यांचा आवाज जड झालेला या गावात कुणी खपवून घेतला नसता.

मिरजेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, स्वतः करायचं काय आणि कारागिराकडे न्यायचं काय हा प्रश्न आमच्याकडे तंबोऱ्यापुरता केव्हाच सुटलेला आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांतले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांच्या घराण्यातून आजची सतारमेकर मंडळी निघाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तर तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथे टेकते तिथला उतार कानशीने घासून जवारी काढणं, हे कारागिराचं काम. घोडी आणि तार यांच्यामधला दोरा पुढेमागे सरकवून ती जवारी खुलवणं, हे गाणाऱ्याचं. मैफलीत बसलेला गवई कानस हातात घेत नाही, आणि दोरा सरकवायला तो सतारमेकरांच्या गल्लीत माणूसही धाडत नाही. टर्नटेबलातलं कुठलं काम दोऱ्याचं आणि कुठलं कानशीचं, एवढं कळलं की माझे निम्मे फोन बंद होतील. पण इतिहास असा घडत गेला की दोन्ही कामं एकमेकांत मिसळली.

पहिल्यांदा मिसळली ती गणितामुळे. १९२३ साली कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झीने लंडनमध्ये ‘द ग्रामोफोन’ हे मासिक काढलं आणि पुढच्याच वर्षी त्यात पर्सी विल्सन या गणितज्ञाने सुईच्या मार्गावर लेख लिहिले. मुद्दा सोपा आहे. तबकडी कापणारं यंत्र आपलं हत्यार कडेकडून मध्याकडे सरळ रेषेत नेतं. घरच्या यंत्राचा दांडा एका टोकाला खिळलेला असतो, म्हणून सुई कमान काढत आत येते. सरळ रेषेत लिहिलेलं कमानीत वाचायचं म्हटल्यावर सुई कुठे ना कुठे खोबणीला तिरकी पडणार आणि तिथे आवाज फाटणार. विल्सनने दाखवून दिलं की दांड्याचं डोकं काही अंशांनी आत वळवलं आणि सुई मधल्या खुंटीच्या थोडी पलीकडे पोचेल इतका दांडा लांब ठेवला, तर ही तिरकाई पुष्कळ घटते. त्या वेळच्या अनेक यंत्रांत सुई खुंटीच्या अलीकडेच थांबत असे. विल्सनचा लेख वाचून लोकांनी घरच्या घरी साउंडबॉक्स वळवले. हा वाचकवर्ग निराळाच होता. पोलादी सुईनं तबकडी झिजते म्हणून हे लोक बांबूच्या सुया वापरत, प्रत्येक बाजूला त्यांचं टोक खास चिमट्यानं नव्यानं छाटत, कुणी झाडाचे काटे तासून लावत. सुई लावण्याचं काम त्यांनी छंदाच्या पदवीला नेलं.

गणित पुढे गेलं. १९३८ मध्ये स्वीडनच्या एरिक लोफग्रेनने एका जर्मन नियतकालिकात आणि १९४१ मध्ये अमेरिकेत बेअरवाल्डने हा हिशेब पूर्णत्वाला नेला. तिरकाई संपूर्ण घालवता येत नाही, पण दोन ठिकाणी ती शून्य करता येते आणि मधल्या भागात कमीत कमी ठेवता येते. बेअरवाल्डच्या हिशेबानं ही ठिकाणं तबकडीच्या केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर पडतात. १९६६ मध्ये स्टीव्हन्सनने ती ६०.३ आणि ११७.४ वर नेली, कारण त्याला शेवटच्या, सगळ्यांत आतल्या खोबण्या स्वच्छ हव्या होत्या. नऊ इंची दांड्यात यासाठी सुई खुंटीच्या पलीकडे साधारण १५ ते १८ मिलिमीटर जावी लागते. आज फुकट छापून मिळणाऱ्या कागदी कोनमापकावर जे दोन ठिपके असतात ते या मंडळींचे. म्हणजे ज्याला लोक तज्ज्ञांची गुप्त विद्या समजतात ती ऐंशी वर्षांपूर्वीच छापून झालेली आहे आणि ती वापरायला एक कागद आणि एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. माझ्या हिशेबी हे काम सरळसरळ दोऱ्याचं.

मधल्या काळात एक गंमत झाली. हे गणित तयार होतं तोवर सामान्य माणसाला त्याची गरजच उरली नाही. २१ जून १९४८ ला कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कमध्ये ३३⅓ फेऱ्यांची एलपी जाहीर केली, पुढच्या वर्षी आरसीएने ४५ ची छोटी तबकडी आणली. खोबणी बारीक झाली, तबकडी लाखेऐवजी प्लॅस्टिकची झाली आणि पोलादी सुईची जागा नीलमण्यानं किंवा हिऱ्यानं घेतली. हिऱ्याची सुई शेकडो तास टिके. घरोघरी पेटीतले प्लेअर आले. आपल्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा कित्येकांना आठवत असेल, झाकण उघडलं की गाणं. सुईशेजारी एक छोटा खटका असे, एका बाजूला ७८ आणि दुसऱ्या बाजूला एलपी. तो फिरवला की सुई बदलली. कारखान्यात जे लावून दिलं तेच कायम. आवाज बेताचाच, दांड्याचा भार चार-सहा ग्रॅम, तबकड्या हळूहळू पांढऱ्या पडत, पण तक्रार कुणाची नव्हती. आमच्याकडे असा प्लेअर आला आणि आत्याचं खातं बरखास्त झालं. ती म्हणाली, ‘‘आता याला माणसाची गरज नाही.’’ काही वर्षं ते खरं होतं.

तज्ज्ञाचा जन्म झाला तो वेगळ्याच घरात. ज्यांना पेटीतला आवाज नको होता त्यांच्यासाठी इंग्लंड-अमेरिकेत सुटे भाग विकायला सुरुवात झाली होती. स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीचं ३०१ हे मॉडेल पन्नाशीच्या दशकात निघालं. त्यात मोटर आणि फिरती थाळी, बस्स. दांडा नाही, खालची लाकडी पेटी नाही. पेटी सुताराकडून करून घ्या किंवा स्वतः करा. दांडा दुसरीकडून आणा. ससेक्समधला अलेस्टेअर रॉबर्टसन-एकमन हा बारीक यंत्रांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या कारखान्याचा मालक. त्याने मुळात स्वतःसाठी एक दांडा घडवला, मित्रांनी तो मागितला आणि एसएमईचा दांडा १९५९ पासून बाजारात आला. त्याच्या बैठकीत पुढेमागे सरकवायची सोय होती, म्हणजे विल्सनचं गणित आता लोखंडात उतरलं. सुई धरणारं कार्ट्रिज तिसऱ्या कंपनीचं. ते बसवायला अर्ध्या इंचावर दोन स्क्रू, ही पद्धत सर्वांनी मान्य केली होती.

माझ्या मते हा अर्धा इंच सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. या दोन स्क्रूंमुळे कुठलंही कार्ट्रिज कुठल्याही दांड्याला बसू लागलं, आणि बसू लागलं म्हणूनच ते कसं बसवायचं हा प्रश्न पडला. पूर्वी तो तबकडी सोडवी, नंतर कारखाना. आता सोडवायला कुणी नव्हतं. तरीही जवळजवळ वीस वर्षं हे काम विकत घेणाऱ्यानंच केलं, कारण तो गिऱ्हाईक तसाच होता. रेडिओ स्वतः जोडणारा, हातात सोल्डरिंगची खूण असलेला.

अमेरिकेत एडगर विल्चरने दुसरी वाट धरली. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या त्याच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने १९६१ मध्ये एक स्वस्त टर्नटेबल काढलं. थाळी आणि दांडा एकाच कडक चौकटीवर, आणि ती चौकट तीन स्प्रिंगांवर टांगलेली. मोटरचा थरथराट आणि जमिनीची धडधड सुईपर्यंत पोचूच द्यायची नाही. वाजत्या यंत्राच्या पाटावर हातोडी मारून दाखवत, सुई उडत नसे. हे यंत्र सामान्य माणसाने घरी नेऊन लावावं अशा बेतानं केलेलं होतं. स्प्रिंग आल्या होत्या, पण त्यांची भीती अजून आलेली नव्हती.

ती आली ग्लासगोतून. १९७३ मध्ये आयव्हर टीफनब्रन याने लिन कंपनी काढून सोंडेक एलपी १२ बाजारात आणलं. तत्त्व विल्चरचंच, तीन स्प्रिंगांवर तरंगणारी चौकट आणि रबरी पट्टा. पण बेअरिंग अतिशय काटेकोर आणि दावा मोठा. तोवर दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत की पैसे स्पीकरवर घाला. टीफनब्रनने उलट सांगायला सुरुवात केली. तबकडीवरून जे उचललं गेलं नाही ते पुढे कुठलाही स्पीकर परत आणू शकत नाही, तेव्हा आधी टर्नटेबल. हे सांगण्यात तथ्य होतं आणि हे सांगण्याची त्याची पद्धत एखाद्या कीर्तनकाराला लाजवील अशी होती. खोलीत वाजणाऱ्या जोडीखेरीज दुसरा स्पीकर ठेवायचा नाही, कारण न वाजणारे पडदेही थरथरतात. आवाजाची परीक्षा मीटरवर करायची नाही, सूर मनात धरता येतो की नाही यावर करायची. आणि यंत्र जुळवायचं ते कंपनीनं शिकवलेल्या विक्रेत्यानं.

या शेवटच्या अटीत खरी गरज किती आणि धंदा किती? मी हे यंत्र खोलून पाहिलं आहे, म्हणून बोलतो. तीन स्प्रिंगांच्या खाली तीन नट. ते फिरवून चौकट समतल आणायची हे कुणालाही जमेल. पण समतल आली म्हणजे झालं असं नाही. थाळीच्या मध्यावर बोट दाबून सोडलं की ती सरळ वरखाली झाली पाहिजे, इंजिनातल्या दट्ट्यासारखी. जरा आडवी डुलली की जुळणी चुकली. डुलते ती कधी स्प्रिंगच्या वळणामुळे, मग स्प्रिंग जागच्या जागी फिरवून बघायची. कधी दांड्यातून खाली येणारी वायर ताठ असते आणि तरंगती चौकट एका बाजूला ओढते, मग क्लिप सैल करून वायरचं वळण बदलायचं. कधी दांड्याच्या फळीचे स्क्रू एकसारखे आवळलेले नसतात. एक सुधारलं की दुसरं हलतं. आणि हे सगळं खालून करायचं, वर दांडा आणि कार्ट्रिज लावलेलं असताना, कारण त्यांच्या वजनावरच तर जुळणी होते. त्यासाठी विक्रेत्याकडे चार पायांची खास घोडी असे, तिच्यावर यंत्र ठेवून खाली हात घालता येई. घरात असलं काही नसतं. लोक दोन खुर्च्यांवर यंत्र टेकवतात आणि खाली आडवे होतात.

हे काम कानशीचं आहे, यात मला शंका नाही. ते पुस्तकात वाचून येत नाही, दहा-वीस यंत्रं हाताखालून गेल्यावर बोटाला कळतं. पण विक्रेत्यांनी यासोबत दुसरी एक गोष्ट केली. कोनमापक, भार, समतल, दांड्याची आतली ओढ थोपवणारं छोटं वजन, ही सगळी दोऱ्याची कामंसुद्धा त्यांनी त्याच पोतडीत टाकली आणि पोतडीचं तोंड बांधून टाकलं. सत्तरच्या दशकापासून इंग्लंडातल्या हौशी गिऱ्हाइकाला वाटू लागलं की आपण टर्नटेबलला हात लावायचाच नाही. इतर कंपन्यांची स्प्रिंग नसलेली यंत्रंसुद्धा लोक दुकानात नेऊ लागले. मला फोन करणाऱ्या मुलाच्या आवाजातली धास्ती थेट तिथून येते. एलपी १२ त्याने चित्रात पाहिलेलं असतं, एवढंच.

याला उत्तरं निघाली ती सगळी कारखान्यांनी दिली, आणि पहिलं तर एलपी १२ च्याही आधीच तयार होतं. १९७२ मध्ये टेक्निक्सने एसएल-१२०० काढलं. मोटर थेट थाळीखाली, पट्टा नाही, तरंगती चौकट नाही, आणि कार्ट्रिज बसवायला सोबत प्लॅस्टिकचं छोटं माप. डोक्याच्या मागच्या कडेपासून सुईचं टोक ५२ मिलिमीटरवर आणा, काम झालं. दांड्याच्या खिळीपासून खुंटी २१५ मिलिमीटर, दांड्याची लांबी २३०, हा हिशेब कंपनीनं आधीच करून ठेवलेला. डीजे लोकांनी पुढे या यंत्राचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. अंधारात, गर्दीत, रात्रीतून कितीदा तरी ते स्वतः सुया लावतात आणि त्यांना कुणी तज्ज्ञ लागत नाही. इंग्लंडातच रॉय गँडीच्या रेगा कंपनीने १९७७ च्या सुमारास प्लॅनर ३ आणलं. स्प्रिंग नाही, काचेची थाळी, हलकी फळी. कंपनीचा आग्रहच असा की जुळवायच्या जागा जितक्या कमी तितकं बरं. १९८३ च्या आरबी ३०० दांड्याला उंची बदलायची सोयच ठेवली नाही, आणि पुढे आपल्या कार्ट्रिजला तिसरा स्क्रू देऊन टाकला. तीन स्क्रू लागले की ते एकाच जागी बसतं, चुकायला वाव नाही. सगळ्यांत टोकाला गेले ते जपानी. टेक्निक्सने १९७९ मध्ये एसएल-१० काढलं आणि त्याच्याबरोबर खटक्यात बसणारं कार्ट्रिज. वजन ६ ग्रॅम ठरलेलं, भार १.२५ ग्रॅम ठरलेला, एक स्क्रू आवळा आणि ऐका. प्रश्नच मिटवून टाकला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. बाजाराला वाटलं नाही. हौशी लोकांना बदलायला काहीतरी लागतं, आणि ठरलेल्या वजनाचं कार्ट्रिज त्यांना पिंजऱ्यासारखं वाटलं.

१९८२ मध्ये जपानात सीडी आली आणि हा सगळा वादच निकालात निघाला. आपल्याकडे सीडी रुळण्याआधीच कॅसेटनं तबकडी हटवली होती. दुकानं बंद झाली, चार पायांच्या घोड्या अडगळीत गेल्या, घड्याळजींची मुलं मोबाइल दुरुस्तीकडे वळली. तबकड्या सांभाळल्या त्या संग्राहकांनी. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकड्यांचा इतिहास लिहिता ठेवला. या मंडळींना सुई कोणी लावायची हा प्रश्न पडत नाही. ७८ साठी जाड सुई, एलपीसाठी बारीक, हवी तेव्हा बदलून लावतात आणि गप्पा पुढे चालू.

आता तबकडी परत आली आहे, आणि दुकानदार गेले ते गेलेच. परदेशातही म्हणून स्वतः लावण्याची विद्या पुन्हा लोकांपर्यंत आणावी लागली. मायकेल फ्रेमर या अमेरिकन लेखकाने २००६ मध्ये टर्नटेबल लावण्यावर अख्खी डीव्हीडीच काढली. भार मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आता कुठल्याही जेवणाच्या बिलापेक्षा कमी किमतीत मिळतो आणि एका ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. वेगासाठी मी अजून कागदी चकतीच वापरतो. आपल्या विजेच्या ५० हर्ट्झला ३३⅓ फेऱ्यांसाठी चकतीवर नेमक्या १८० रेघा लागतात, ७८ साठी ७७. वेग बरोबर असला की रेघा उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. फक्त वर जुनी चोकवाली ट्यूबलाइट हवी, नव्या एलईडीखाली बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी गेलो की मी आधी छताकडे बघतो.

तर फोन करणाऱ्याला मी काय सांगतो? स्प्रिंग नसलेलं यंत्र असेल तर येत नाही. कोनमापकाचा कागद पाठवतो, छापल्यावर त्यावरची १०० मिलिमीटरची रेघ मोजून बघायला सांगतो, कारण छपाईयंत्रं आकार बारीक करून टाकतात. मग भार कार्ट्रिजच्या पत्रकात दिलाय तेवढा, समतल, आणि संध्याकाळ मोकळी. एवढ्यात येतं. महागडं मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज असेल तर येतो, कारण त्याची काडी केसाएवढी असते आणि स्क्रूड्रायव्हर निसटला की पगार गेला. तिथे लोक माझ्या ज्ञानाचे पैसे देत नाहीत, हात न थरथरण्याचे देतात, आणि माझंही वय झालंय. स्प्रिंगवालं यंत्र असेल तर ते माझ्याकडे आणा म्हणतो. मी एका सुताराकडून चार पायांची घोडी करून घेतली आहे.

मागे लीड्सला असलेल्या माझ्या भाच्यानं जुनं एलपी १२ विकत घेतलं आणि व्हिडिओवर फोन लावला. ‘‘मामा, उघडू का?’’ पडद्यावर थाळी दाबून दाखवली. ती सरळ हलायच्या ऐवजी डुलत होती. मी म्हटलं, बाबा रे, हे गावातल्या माणसाकडे ने, पैसे दे. फक्त काम झाल्यावर त्यानं काय काय लावलं ते आकड्यांत लिहून घे. दुकानदार म्हणे आधी नाराज झाला, आम्ही कानानं जुळवतो म्हणाला. मग बिलाच्या मागे चार ओळी लिहून दिल्या. भार १.८ ग्रॅम. भूमिती बेअरवाल्ड. दांड्याच्या आतल्या ओढीचं वजन किती ते. आणि चौथ्या ओळीत, तिन्ही स्प्रिंग बदलल्या. पुढे सुई झिजेल तेव्हा पहिल्या तीन ओळी तो स्वतः करणार आहे. त्याच वजनाचं कार्ट्रिज मिळालं तर चौथीसाठी त्याला दुकानात जावं लागणार नाही, तेवढं त्याला बजावलं आहे.